तितर आणि गिनी कोंबडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस तोंडावर आला की फोटो यायला लागतात. "हा तितर आहे ना?" "शेतात अंडी सापडली, कोंबडीखाली ठेवू का?" "बाजारात पाळीव तितर मिळतोय, घेऊ का?" यातल्या निम्म्या फोटोंत तितर नसतोच, ठिपक्यांची गिनी कोंबडी असते. एक आपल्या माळरानावरचा रानपक्षी आणि दुसरी आफ्रिकेतून जगभर पसरलेली पाळीव कोंबडी. दोघांची गल्लत झाल्यामुळे काही जण फसतात, काही जण नकळत कायदा मोडतात, आणि सगळ्यात जास्त नुकसान तितराचं होतं. म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र करून ठेवले आहेत. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, म्हणजे एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तर तिकडे बोट दाखवता येईल.

1. तितर आणि गिनी कोंबडी हा एकच पक्षी आहे का?

नाही. तितर, पुस्तकी मराठीत तित्तिर, हा दक्षिण आशियातला पक्षी आहे. इराणच्या दक्षिण भागापासून पाकिस्तान, भारत ते श्रीलंकेच्या उत्तरेपर्यंत तो आढळतो. गिनी कोंबडी मूळची सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतली. तिथे ती आजही रानात राहते, आणि तिच्याच पाळीव वंशातल्या कोंबड्या आपल्याकडे फार्मवर दिसतात. दोघंही जमिनीवर चरतात, धोका दिसला की आधी पळतात, धुळीत लोळतात आणि रात्री झाडावर चढून बसतात. साम्य आहे ते एवढंच. गोंधळाचं मूळ नावात आहे. गिनीला काही बाजारांत 'तितर' किंवा 'तितारी' म्हणून विकतात.

2. फोटोवरून कसं ओळखायचं?

आधी आकार बघा. तितर 30 सेंटिमीटरच्या आसपास, वजन साधारण 200 ते 340 ग्रॅम, म्हणजे हाताच्या ओंजळीत मावेल एवढा. गिनी 53 ते 63 सेंटिमीटर लांब आणि सव्वा किलोच्या पुढेमागे भरते.

फोटोत आकाराचा अंदाज येत नसेल तर डोकं बघा. गिनीच्या डोक्यावर पिसं जवळजवळ नसतातच. निळसर उघडी कातडी, चोचीच्या दोन्ही बाजूंना लोंबणारे कातडीचे लालनिळे गलोल आणि टाळूवर हाडाचं शिंग. तितराचं डोकं पिसांनी भरलेलं असतं. चेहरा फिकट तांबूस आणि गळ्यावर पिवळसर ठिपका, त्याला काळ्या रेषेची बारीक किनार, जणू कुणी पेनाने आखलेली.

राहिली पिसं. गिनीच्या काळसर राखाडी अंगावर पांढरे गोल ठिपके असतात, मोती शिंपडल्यासारखे. तितरावर ठिपके नसतात, बारीक आडव्या लहरी असतात. त्या लहरींमुळे तो वाळक्या गवतात असा मिसळतो की पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. उडाला की शेपटीची तांबूस पिसं उघडतात. ती एकदा पाहिली की पुढे चूक होत नाही.

पांढऱ्या आणि फिकट जांभळट गिनीही असतात. त्यांच्यात ठिपके पुसट असतात, म्हणून डोक्याची खूण पक्की धरा.

3. तितर, तित्तिर, चित्तूर, टिटवी, लावा… यातलं नेमकं कोण कोण?

तितर, तित्तर, तित्तिर ही एकाच पक्ष्याची नावं. बोलीप्रमाणे उच्चार बदलतो. चित्तूर हे नाव काही भागांत साध्या तितराला आणि काही भागांत रंगीत तितराला वापरतात, म्हणून ते ऐकलं की "कुठल्या गावात?" हे आधी विचारावं. रंगीत तितर हा वेगळा पक्षी आहे, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा, जरा ओलसर गवताळ भागात राहणारा. तो महाराष्ट्रातही आहे, आणि ठिपक्यांमुळे लोक त्याला 'लहान गिनी' समजतात. पण त्याचं डोकं पिसांनी झाकलेलं असतं.

टिटवीचा यांच्याशी काहीही संबंध नाही. ती लांब पायांची, पाणथळ जागी आणि मोकळ्या शेतात राहणारी, रात्रीबेरात्री ओरडून सगळं शिवार जागं करणारी. नावाचा नाद सारखा आहे एवढंच. लावा हा मुठीएवढा, शेपूट जवळजवळ नसल्यासारखा दिसणारा. आणि माळावर जोडीने किंवा थव्याने येऊन पाणी पिणारी पखुर्डी ही हिंदीत 'भट तीतर' म्हणवली जात असली तरी तितर नव्हे.

4. "शिकारी पक्षी" म्हणजे ससाणा, घार ना? मग तितराला शिकारीचा पक्षी का म्हणतात?

शिकारी पक्षी म्हणजे शिकार करणारे, हे बरोबर. तितर, लावा, रानकोंबडा हे शिकारीचे पक्षी, म्हणजे माणूस ज्यांची शिकार करत आला ते. जमिनीवर राहणारे, दाणे टिपणारे, थोडंच पण जोरात उडणारे, खाण्याजोगे. संस्थानी काळात आणि ब्रिटिश अमदानीत बंदुकीने यांची शिकार हा मोठा शौक होता. गिनी कोंबडी आफ्रिकेत याच वर्गात मोडते.

5. दोघांचं नातं जवळचं का?

वाटतं तेवढं नाही. दोघंही कोंबडीच्या मोठ्या गणातले, पण कुळं वेगळी. तितर ज्या कुळात आहे त्यातच मोर, रानकोंबडा आणि आपली गावठी कोंबडीही आहे. गिनीचं कुळ स्वतंत्र, ते फार पूर्वी वेगळं झालं. म्हणजे तुमच्या अंगणातली कोंबडी ही गिनीपेक्षा तितराला जवळची.

एक गोष्ट मला स्वतःला फार आवडते. जनुकांच्या अभ्यासानंतर आपल्या तितराला जुन्या गटातून काढून ऑर्टिगॉर्निस या गटात ठेवलं. त्या गटात त्याचे दोनच भाऊबंद आहेत. एक गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या ओल्या गवतातला पाणतितर आणि दुसरा आफ्रिकेतला तुरेवाला तितर. म्हणजे तितराचा आफ्रिकेशी धागा आहे, पण तो गिनीमार्फत नाही.

6. गिनीचं नाव 'गिनी' का? आणि तितराच्या शास्त्रीय नावात पाँडिचेरी कुठून आलं?

पश्चिम आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरून पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी ही कोंबडी युरोपात नेली, म्हणून गिनी. पाळीव वंश पश्चिम आफ्रिकेतल्या पोटजातीतून आला असं मानतात. तशी प्राचीन ग्रीक आणि रोमन लोकांनाही ती ठाऊक होती. ग्रीक कथेत मेलिएजर नावाचा वीर मरतो, त्याच्या बहिणी इतक्या रडतात की त्यांचे पक्षी होतात आणि अश्रू पिसांवर ठिपके होऊन राहतात. शास्त्रीय नावातला 'मेलिआग्रिस' तिथून आला.

तितराचं शास्त्रोक्त वर्णन अठराव्या शतकात झालं ते पाँडिचेरीच्या पक्ष्यावरून. म्हणून 'पाँडिसेरिॲनस'. दख्खनच्या माळावर आयुष्य काढणाऱ्या पक्ष्याच्या नावात समुद्रकाठचं एक शहर कायमचं बसलं.

7. आवाजावरून दोघं ओळखता येतात का?

डोळे मिटूनही. तितराचं नावच त्याच्या आवाजावरून पडलं आहे. "क-तीऽतर, तीऽतर, तीऽतर", चढत्या जोराचं आणि ठसठशीत. पहाटे एक जोडी सुरू करते, ओढ्यापलीकडून दुसरी उत्तर देते आणि दोन मिनिटांत सगळा माळ बोलायला लागतो. नरमादी सूर जुळवून ओरडतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला एकच पक्षी वाटतो.

गिनीचा आवाज कर्कश, लोखंडी गेट गंजून करकरावं तसा. अनोळखी माणूस, कुत्रा, साप, आकाशातली घार, काहीही दिसलं की सगळा कळप एकदम सुरू होतो. शेजार जवळ असेल तर पाळण्याआधी याचा विचार करा. गावातली निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात.

8. नर-मादी कशी ओळखायची?

गिनीत बघून कळणं अवघड, ऐकून सोपं. दोन ठोक्यांचा "बक्-वीऽट, बक्-वीऽट" असा आवाज फक्त मादी काढते. नराला तो जमत नाही, तो एकाच ठोक्याचं "चि-चि-चि" करत राहतो. मात्र घाबरली की मादीही एका ठोक्याचा आवाज काढते, म्हणून एक ठोका ऐकून लगेच नर ठरवू नका. कळप शांत असताना पाच-दहा मिनिटं उभं राहून ऐका. नराचे गलोल मोठे आणि पुढे वळलेले असतात, पण ते वय वाढल्यावर दिसतं.

तितरात दोघं जवळजवळ सारखेच. नराच्या पायाला आर, म्हणजे मागे निघालेला टोकदार काटा, असते, कधी एका पायाला दोनसुद्धा, मादीला बहुधा नसते. ते पाहायला पक्षी हातात घ्यावा लागतो, आणि तो हातात घ्यायचा नाही (प्रश्न 12).

9. यांना उडता येतं का? नेहमी पळतानाच दिसतात.

दोघांनाही येतं, पण पळणं आधी. कारण स्नायूत आहे. छातीचं मांस पांढरं, म्हणजे क्षणात जोर लावणारं पण लगेच दमणारं. पायाचं मांस लालसर, दिवसभर चालणारं. बदकाचं किंवा कबुतराचं छातीचं मांस गडद असतं, म्हणून ते तासन्‌तास उडू शकतात. तितर अगदी पायाशी येईपर्यंत दबून बसतो, मग पंखांचा फर्रर्र आवाज करत सुटतो. थोडं अंतर कापून पुन्हा गवतात उतरतो आणि उतरल्या जागी न थांबता पळत पुढे जातो. म्हणून जिथे उतरला तिथे शोधलं तर कधीच सापडत नाही.

गिनी पूर्ण वाढलेली असली तरी छपरावर, झाडावर सहज जाते. पाळणाऱ्यांना हे उशिरा कळतं.

10. अंडी आणि पिलांमध्ये काय फरक?

तितराचा मुख्य हंगाम एप्रिल ते सप्टेंबर. घरटं म्हणजे झुडपाच्या बुडाशी किंवा बांधाच्या गवतात उकरलेला उथळ खळगा. अंडी बहुधा 6 ते 8, फिकट मलई रंगाची. सुमारे 3 आठवड्यांत पिलं निघतात, आणि कोरडी झाली की आईबापाच्या मागे चालू लागतात. कुटुंब बराच काळ एकत्र राहतं. हिवाळ्यात दिसणारा पाच-सात तितरांचा घोळका म्हणजे बहुधा एकच घर.

गिनी जास्त अंडी घालते. एका घरट्यात डझनभर अंडी असतात, आणि पाळीव कळपात दोन-तीन माद्या एकाच ठिकाणी घालून 20-30 चा ढीग करतात. कवच इतकं जाड की चुकून हातातून गवतात पडलं तरी बहुतेक वेळा फुटत नाही. उबवायला 26 ते 28 दिवस लागतात, कोंबडीपेक्षा जवळजवळ आठवडा जास्त. कोंबडीखाली गिनीची अंडी ठेवणाऱ्यांनी हा हिशोब धरावा, नाहीतर एकविसाव्या दिवशी "खराब निघाली" म्हणून चांगली अंडी फेकली जातात. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. फेकलेल्या एका अंड्यात पूर्ण वाढलेलं पिलू होतं.

11. हे पिकाचं नुकसान करतात का? की किडे खाऊन फायदा?

तितर गळालेले दाणे, गवताचं बी, कोवळे कोंब, आणि मोठ्या आवडीने वाळवी, मुंग्या, भुंगेरे खातो. पिलांना पहिले काही आठवडे किडेच लागतात. पेरलेलं बी कधीमधी उकरतो, पण रानडुक्कर किंवा मोराच्या तुलनेत ते न मोजण्यासारखं. वाळवी फोडून काढणारा पक्षी शेतावर असणं हे कोरडवाहू शेतकऱ्याचं भाग्यच आहे.

गिनीही किडे भरपूर खाते आणि कोंबडीइतकं जमीन उकरत नाही. मात्र कळप मोठा असेल तर कोवळ्या भाजीपाल्यावर सोडू नका.

दोन दावे सतत कानावर येतात. पहिला गोचिडांचा. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर केलेला एक अभ्यास 1992 मध्ये प्रसिद्ध झाला. गिनी फिरत असलेल्या हिरवळीवर मोठे गोचीड कमी आढळले. नंतरच्या कामात मात्र बारीक अवस्थेतल्या गोचिडांवर तसा परिणाम दिसला नाही. जनावरांच्या गोठ्यासाठी गिनी मदतनीस म्हणून ठीक आहे, पण तिच्या भरवशावर औषधोपचार बंद करू नका. दुसरा दावा सापांचा. साप दिसला की कळप त्याला घेरून आरडाओरड करतो हे खरं, आणि ती सूचना मोलाची. पण गिनी आहेत म्हणून साप येणारच नाही असं समजून रात्री बॅटरीशिवाय गोठ्यात जाऊ नये.

12. तितर घरी पाळता येतो का? परवाना मिळतो का?

नाही. तितर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. 2022 च्या दुरुस्तीने अनुसूचींची, म्हणजे संरक्षित जातींच्या याद्यांची, रचना बदलली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. त्यानंतरही संरक्षण कायम आहे. छंदासाठी, झुंजीसाठी, आवाजासाठी, खाण्यासाठी, कशासाठीही नाही.

कायद्यातली 'शिकार' म्हणजे फक्त बंदूक नव्हे. पकडणं, फास लावणं, जाळं टाकणं, तसा प्रयत्न करणं, अंडी फोडणं, घरट्याला धक्का लावणं, हे सगळं त्यात येतं. तुरुंगवास आणि दंड दोन्हींची तरतूद आहे.

13. पण माझा तितर पिंजऱ्यातच जन्मला आहे, रानातून आणलेला नाही. तरी?

तरीही. कायदा पक्ष्याची जात पाहतो, जन्मस्थान नाही. उत्तर भारतात आणि पाकिस्तानात तितर पिंजऱ्यात बाळगण्याचा, झुंजवण्याचा शौक जुना आहे. तिकडचे व्हिडिओ पाहून "सगळे पाळतात" असं वाटतं. त्यातले बरेच सीमेपलीकडचे असतात, आणि तिथला कायदा वेगळा आहे.

14. शेतात तितराची अंडी सापडली. आई दिसत नाही. कोंबडीखाली ठेवू का?

ठेवू नका. आई दिसत नाही याचा अर्थ ती गेली असा नसतो. तुमच्या चाहुलीने ती पाच-दहा पावलांवर दबून बसलेली असते. तुम्ही जितका वेळ तिथे उभे राहाल तितका वेळ अंडी थंड होतात. चार काठ्या दूर दूर रोवून तेवढा तुकडा नांगरट-कोळपणीतून वगळा आणि लांब व्हा. काठ्या घरट्याला खेटून रोवू नका, कावळ्याला तीच खूण होते.

यंत्राने घरटं उघडं पडलंच असेल किंवा जखमी पक्षी सापडला असेल, तर महाराष्ट्र वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. त्यांचं माणूस येईपर्यंत पक्षी पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. तोंडात पाणी घालू नका.

15. मग लावा हॉटेलात कसा मिळतो? तो चालतो आणि तितर नाही, असं का?

जो मिळतो तो जपानी लावा, फार्मवर वाढवलेला. तो भारतात 1974 मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाहून आणला गेला आणि बरेलीजवळच्या इज्जतनगर इथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेत त्यावर काम झालं. मध्यंतरी केंद्र सरकारच्या आदेशाने त्याच्या नव्या फार्मना परवानगी थांबली होती, पुढे त्याला कायद्याच्या संरक्षित यादीतून वगळण्यात आलं. आपल्या माळावरचे रानलावे मात्र तितराइतकेच संरक्षित आहेत. ताटात दोघांत फरक कळत नाही, म्हणून लावा कुठल्या फार्मवरून आला हे विचारायला संकोच करू नका.

16. आठवडी बाजारात एक जण 'पाळीव तितराची' पिलं विकतोय. घेऊ का?

आधी पाहा काय आहे. शक्यता दोन. पहिली, ती गिनीची पिलं असतील. गिनीचं पिलू तपकिरी पट्ट्यांचं असतं आणि खरोखर तितरासारखं दिसतं, डोक्याची पिसं पुढे झडतात. मग त्याला गिनी म्हणून, गिनीच्या भावात घ्या. दुसरी, ती खरंच तितराची असतील, म्हणजे कुणीतरी रानातलं घरटं मोडलं आहे. ती घेतली तर विकणाऱ्याइतकेच तुम्हीही गुन्ह्यात येता, आणि पुढच्या आठवड्यात आणखी एक घरटं मोडतं. दया म्हणून विकत घेऊन माळावर सोडणं हाही उपाय नाही. त्या पैशातून पुढचा फास येतो. 1926 वर कळवा.

'तितर आणि गिनीचा क्रॉस' म्हणून जे विकतात ती साधी गिनीच असते. गिनी आणि कोंबडी यांचा संकर क्वचित होतो, आणि ती पिलं पुढे प्रजनन करू शकत नाहीत.

17. गिनी पाळायची आहे. परवाना लागतो का? सुरुवात कशी करावी?

वन विभागाचा परवाना लागत नाही, ती पाळीव कोंबडीत धरली जाते. इज्जतनगरच्या त्याच संस्थेने कादंबरी, चितांबरी आणि श्वेतांबरी असे तीन वाण दिले आहेत. पहिली काळपट मोतिया, दुसरी फिकट, तिसरी पांढरी. मार्च ते सप्टेंबर या हंगामात चांगल्या सांभाळात एका मादीपासून शंभराच्या आसपास अंडी मिळतात. अंडं कोंबडीच्या अंड्यापेक्षा लहान, सुमारे 40 ग्रॅमचं.

पहिले दोन आठवडे जीव मुठीत धरून सांभाळावे लागतात. नवख्यांची पिलं रोगापेक्षा पाण्याने जास्त मरतात. पाण्याच्या भांड्यात पिलू पाय घसरून पडतं, भिजतं, गारठतं आणि सकाळी मेलेलं सापडतं. उपाय साधा आहे. भांडं उथळ घ्या आणि त्यात स्वच्छ खडे भरा, फक्त चोच बुडेल एवढंच पाणी दिसावं. जमिनीवर वर्तमानपत्र पसरू नका, गुळगुळीत कागदावर पाय फाकतात. खडबडीत पोतं चांगलं. प्रथिनांचं प्रमाण कोंबडीच्या पिलापेक्षा जास्त लागतं. दव वाळल्याशिवाय गवतात सोडू नका.

मोठी झाली की गिनी काटक असते, पण राणीखेत हा कोंबड्यांचा रोग तिलाही होऊ शकतो. लसीकरण पशुवैद्यकाला विचारून करा. पहिले दीड-दोन महिने खुराड्यातच ठेवा, घर ओळखू द्या. थेट मोकळं सोडलं तर ती झाडावर रात्र काढू लागते, आणि मग रानमांजर एकेक करून उचलतं.

18. गिनी माळावर सोडून दिल्या तर तितरासारख्या तिथे रुजतील का? निसर्गात भरच पडेल ना?

कृपा करून असं करू नका. बहुतेक गिनी पहिल्याच महिन्यात कुत्रे, कोल्हे, मुंगूस यांच्या तोंडी जातात. ज्या तगतात त्या तितर ज्या दाण्यांवर आणि किड्यांवर जगतो त्यावरच ताव मारतात, आणि पाळीव कोंबड्यांचे रोग रानात नेतात. कॅरिबियन बेटांवर अशा सुटलेल्या गिनी रानटी होऊन राहिल्या आहेत.

उलटं उदाहरणही आहे. आपला तितर 1950 च्या दशकात शिकारीसाठी हवाईत नेऊन सोडला गेला आणि तिथे तो चांगलाच रुजला. हिंदी महासागरातल्या काही बेटांवरही तो माणसानेच पोचवला. आपल्या माळाचा आवाज समुद्रापलीकडच्या बेटांवर घुमतो, याचं मला कौतुक वाटत नाही. तिथल्या मूळ पक्ष्यांनी तो मागितला नव्हता.

19. दक्षिण आफ्रिकेत गिनीची, पाकिस्तानात तितराची परवान्याने शिकार चालते. मग आपल्याकडे हंगामी परवानगी का देऊ नये?

संख्या मोजणारी यंत्रणा, हंगाम पाळणारे लोक आणि पुरेसं रान, हे तिन्ही असेल तरच तसा विचार करता येतो. आपल्याकडे गवताळ रानाचा मोठा भाग अजूनही कागदोपत्री 'पडीक' आहे. ज्या जागेला किंमतच नाही तिथल्या पक्ष्यावर परवाना देणं म्हणजे उरलेलंही संपवणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आफ्रिकेतून शिकण्यासारखं वेगळंच आहे. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतात गिनींची संख्या घसरली तेव्हा अभ्यासकांचं बोट एकसुरी शेतीकडे वळलं. लहान शेतं, मधले गवताचे पट्टे, झुडपं जाऊन एकाच पिकाचे मोठे पट्टे आले, कीटकनाशकं वाढली, आणि गिनीला लपायला, अंडी घालायला, पिलांना किडे शोधायला जागा उरली नाही. जगभर पाळली जाणारी कोंबडी, स्वतःच्या मूळ घरी बांधाविना अडचणीत आली. आपल्या तितराचं दुखणं वेगळं नाही (प्रश्न 22).

20. तितर कमी झाले ते पारध्यांमुळे, हे खरं का?

हा प्रश्न ज्या सुरात येतो त्याचा त्रास होतो, म्हणून नीट उत्तर देतो. फासेपारधी समाज पिढ्यान्‌पिढ्या फास लावून तितर-लावे धरत आला, त्यांच्या नावातच ते आहे. ब्रिटिशांच्या 1871 च्या कायद्याच्या चौकटीत अशा अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का बसला, तो 1952 मध्ये कागदावर पुसला गेला. फास लावणं आज बेकायदा आहे, आणि ते कुणीही करू नये. पण माळ नांगरून, बांध कोरून, गवत जाळून जेवढे तितर गेले तेवढे फासाने गेले नाहीत.

अकोला-वाशिम भागात याच समाजातली माणसं गवताळ कुरणं राखण्याच्या कामात उतरली आहेत. घरटं कुठे असेल, पक्षी कुठल्या बोरीवर रात्र काढेल, हे त्यांच्याइतकं जाणणारं कुणी नाही.

21. तैत्तिरीय उपनिषदाचा तितराशी खरंच संबंध आहे का?

नावाचा आहे. पुराणात कथा अशी, की गुरू वैशंपायन याज्ञवल्क्यावर रागावले आणि दिलेली विद्या परत मागितली. याज्ञवल्क्याने ती ओकून टाकली, आणि इतर शिष्यांनी तित्तिर पक्ष्याचं रूप घेऊन ती टिपली. म्हणून यजुर्वेदाची ती शाखा तैत्तिरीय, आणि उपनिषद त्याच शाखेचं. कथा रचणाऱ्याने पक्षी नीट पाहिला असणार. जमिनीवर सांडलेलं कणन्‌कण टिपण्यात तितराचा हात धरणारा दुसरा नाही.

22. आमच्या शिवारात आता तितर ऐकू येत नाही. काय करता येईल?

जगाच्या पातळीवर तितर धोक्यातल्या यादीत नाही, पण एका गावातून तो सहज नाहीसा होतो. त्याला फार जागा लागत नाही. सासवडच्या पुढे एका कोरडवाहू शेताच्या कडेला मी एकदा वाकून पाहिलं. बोरीच्या झुडपाखाली ताटलीएवढा खळगा, धूळ पिठासारखी मऊ, कडेला तीन बोटांच्या ठशांची रांग आणि बारीक पट्ट्यांचं एक पीस. ते झुडूप बांधावर होतं आणि बांध जेमतेम चार हात रुंद. एवढ्यात एक कुटुंब राहत होतं.

तेव्हा बांध कोरू नका. घाणेरीऐवजी बोर, बाभूळ, करवंद असं देशी जे काही काटेरी असेल ते थोडं राहू द्या, तितर रात्री तिथेच बसतो. उन्हाळ्यात बांध जाळू नका, एप्रिलपासून त्यात अंडी असतात. तणनाशक बांधावर मारू नका, पिलांचे किडे तिथेच असतात. गावातली मोकाट कुत्री आवरा. कुत्र्यांनी घरटी उद्ध्वस्त केली की बाकीचं सगळं वाया जातं.

आणि काढणी यंत्राने करत असाल तर चालकाला एक सांगा. कडेपासून गोल गोल फिरत आत येऊ नको, तसं केलं की पिलं मधल्या उभ्या पिकात अडकतात आणि शेवटच्या फेरीत चिरडतात. मधून सुरू करून बाहेर जा, म्हणजे ती पळत पळत बांधात शिरतील.